डिस्क, कंट्रोलर आणि लिनक्स : न जुळण्याची कारणे आणि दोषशोधाची रीत

विषयाची व्याप्ती

नीरा नदीच्या काठी वसलेले शिरवळ सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, पुणे–बंगळूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. परिसरात मोठे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप, गोदामे आणि क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था आहेत. हिशेब, यंत्रभागांची आरेखने, कॅमेऱ्यांचे चित्रण हे सारे साठवायला अशा ठिकाणी एखादा लहान सर्व्हर पुरतो आणि त्यासाठी लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. अडचण येते ती नवी डिस्क जोडताना : ती दिसत नाही, अपुरी दिसते किंवा चालता चालता नाहीशी होते. सुटा भाग आणायचा तर बहुधा पुण्याची बाजारपेठ गाठावी लागते. म्हणून नेमका कोणता भाग बदलायचा हे आधी ठरणे महत्त्वाचे. त्या निर्णयापर्यंत पोहोचण्याचा क्रम या लेखात मांडला आहे.

सुसंगतता म्हणजे काय

डिस्क आणि कंट्रोलर सुसंगत असणे म्हणजे सहा बाबतींत त्यांचा मेळ असणे : वीजपुरवठा, जोडणीची केबल, संवादाचा प्रोटोकॉल, पत्त्यांची व सेक्टरची मोजणी, दोन्हींचे फर्मवेअर आणि लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, ड्रायव्हर. हे थर एकावर एक उभे आहेत. खालच्या थरातील दोषाची लक्षणे वरच्या थरात उमटतात. सैल केबलमुळे झालेली चूक वापरणाऱ्याला फाइलप्रणालीची त्रुटी म्हणून दिसते. ‘डिस्क जुळत नाही’ हे वाक्य त्यामुळे केवळ लक्षण सांगते. मेळ कोणत्या थरात मोडला हे पुराव्याने दाखवता आले, की निदान पूर्ण होते. शोध खालच्या थरापासून वर न्यावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर कर्नलची नोंद पाहावी, ही या पद्धतीची तीन सूत्रे आहेत.

कंट्रोलरचे प्रकार

संगणकाची पीसीआय एक्स्प्रेस बस आणि डिस्क यांच्यामध्ये आज्ञा व डेटा यांची ने-आण करणारी चिप म्हणजे कंट्रोलर. मदरबोर्डवरचा साटा कंट्रोलर सहसा एएचसीआय या सामायिक मानकाप्रमाणे चालतो. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या या मानकामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या चिपना लिनक्समध्ये एकच ड्रायव्हर पुरतो. दुसरा प्रकार एचबीए या स्वतंत्र कार्डाचा. ते प्रत्येक डिस्क जशीच्या तशी कर्नलपुढे ठेवते. तिसरा रेडच्या, म्हणजे अनेक डिस्कांचा एक संच बांधणाऱ्या, कार्डाचा. ते डिस्क स्वतःच्या ताब्यात घेऊन कर्नलला त्यांपासून बनवलेली आभासी डिस्क दाखवते. चौथा प्रकार यूएसबी पेटीतील ब्रिज चिपचा. ती यूएसबीवरून आलेल्या स्कझी आज्ञांचे साटा आज्ञांत रूपांतर करते. प्रत्येक प्रकारात दोष लपण्याची जागा वेगळी असल्याने कंट्रोलरची ओळख ही पहिली पायरी ठरते. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चिपचे नाव, तिचा क्रमांक आणि तिला लागलेला ड्रायव्हर दाखवते.

साटा आणि सास

साटा हे घरगुती व कार्यालयीन संगणकांतील डिस्क-जोडणीचे मानक आहे, तर सास हे सर्व्हरमधील. दोन्हींचे कनेक्टर जवळजवळ सारखे दिसतात. मात्र सुसंगतता एकाच दिशेने आहे. सास कंट्रोलरला साटा डिस्क चालते, कारण साटा आज्ञा वाहून नेण्याची सोय सास मानकातच आहे. साटा कंट्रोलरला सास डिस्क समजत नाही. म्हणूनच साटाच्या कनेक्टरमध्ये जिथे खाच असते तिथे सास डिस्कचा कनेक्टर भरलेला असतो आणि साधी साटा केबल त्यात बसत नाही. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या सास डिस्क जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. त्या साध्या मदरबोर्डवर चालवायच्या तर सास एचबीए घ्यावे लागते; केवळ कनेक्टरचा आकार बदलणारा अ‍ॅडॉप्टर प्रोटोकॉल बदलू शकत नाही.

आधी डेटाची सुरक्षा

डिस्कवर एकमेव प्रत असलेला डेटा असेल, तर दोषशोधापूर्वी त्याची प्रत काढणे आवश्यक असते. बेभरवशाच्या जोडणीवर फाइलप्रणाली दुरुस्त करणारी आज्ञा चालवली, तर ती चुकीच्या वाचनाला खरे मानून चांगल्या नोंदीही खोडू शकते. डिस्क दिसत असेल पण अडखळत असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन उपयोगी पडते. ते सोपे भाग आधी वाचून घेते, अवघड भाग शेवटी ठेवते आणि कुठवर वाचले याची नकाशावजा फाइल ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. डिस्क वाचनापुरतीच उघडणे, नवे विभाजन न करणे आणि रेड कार्डाने सुचवलेली ‘नव्याने सुरुवात’ न स्वीकारणे, ही पथ्ये पुढील प्रत्येक पायरीवर लागू आहेत.

कर्नलची नोंद

लिनक्समध्ये पुराव्याचे मुख्य स्थान कर्नलची नोंद हे आहे. ती ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञांनी वाचता येते. साटा पोर्टसाठी नोंदीत आधी जोडणी जुळल्याची आणि ठरलेल्या वेगाची ओळ येते, नंतर डिस्कचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, सेक्टरची संख्या, आणि शेवटी डिस्कला मिळालेले नाव. ही साखळी कुठे तुटते यावरून थर ओळखता येतो. जोडणीचीच ओळ नसेल तर वीज, केबल किंवा पोर्ट संशयित. जोडणी आहे पण डिस्कची ओळख पटली नाही, तर प्रोटोकॉल किंवा फर्मवेअर. ओळख पटली पण क्षमता चुकीची, तर पत्त्यांची मोजणी. सारे नीट होऊन भार पडल्यावर पोर्ट वारंवार रिसेट होत असेल, तर आज्ञांची रांग, कालमर्यादा किंवा वीज. कंट्रोलरच यादीत नसेल, तर डिस्कचा विचार करण्याआधी कार्ड, त्याचा स्लॉट आणि बायोस तपासणे क्रमप्राप्त ठरते.

वीजपुरवठा

साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टच्या तारेवर सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते. आठ डिस्क एकाच वेळी सुरू झाल्या तर ही गरज १६ अँपिअर, म्हणजे १९० वॅटच्या आसपास जाते आणि हलक्या एसएमपीएसचे व्होल्टेज क्षणभर खाली येते. त्या क्षणी एखादी डिस्क रिसेट होते आणि कर्नलच्या नोंदीत ती केबल सुटल्यासारखी दिसते. औद्योगिक परिसरात मोठ्या मोटरी किंवा वेल्डिंग संच सुरू होताना येणारे व्होल्टेजचे चढउतारही असेच परिणाम घडवू शकतात. म्हणून चुकांच्या वेळा यंत्रांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहणे उपयुक्त असते. उपाय तीन : पुरेशा क्षमतेचा एसएमपीएस, यूपीएस, आणि कंट्रोलरमध्ये सोय असल्यास डिस्क एकामागून एक सुरू करण्याची व्यवस्था.

तिसरी पिन

नवी डिस्क जुन्या कॅबिनेटमध्ये फिरतच नाही आणि कर्नलला तिचा पत्ताही लागत नाही, याचे एक कारण साटा वीज कनेक्टरच्या तिसऱ्या पिनमध्ये आहे. पूर्वी या पिनवर ३.३ व्होल्ट येत असे आणि बहुतेक डिस्क त्याचा उपयोग करत नसत. २०१६ च्या साटा ३.३ मानकाने याच पिनला वेगळे काम दिले : तिच्यावर व्होल्टेज असेल तोवर डिस्क बंद राहावी. सर्व्हरमधील अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करण्यासाठी ही सोय आहे. जुना एसएमपीएस मात्र त्या पिनला सतत ३.३ व्होल्ट देतो आणि डिस्क कायम बंद राहते. ३.३ व्होल्टची तार नसलेली वीजकेबल किंवा चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून घेतलेली जोडणी हा त्यावरचा उपाय. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे स्वस्त मोलेक्स अ‍ॅडॉप्टर आतून शॉर्ट होऊन जळण्याचा धोका असतो, म्हणून तारा वेगवेगळ्या पकडलेला अ‍ॅडॉप्टर निवडणे श्रेयस्कर.

केबल आणि वेग

साटा जोडणी १.५, ३ किंवा ६ गिगाबिट प्रतिसेकंद या वेगांपैकी दोन्ही बाजूंना जमेल तो सर्वोच्च वेग आपोआप ठरवते. दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट जात असल्याने ६ गिगाबिटचा प्रत्यक्ष अर्थ सेकंदाला ६०० मेगाबाइट होतो. केबल दुमडलेली, सैल किंवा १ मीटरच्या मर्यादेपेक्षा लांब असेल, तर तपासबेरीज चुकते आणि तोच डेटा पुन्हा पाठवावा लागतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदीतील १९९ क्रमांकाचा गुणधर्म या चुका मोजतो. हा आकडा वाढता आणि ५, १९७, १९८ हे खराब सेक्टरांशी संबंधित गुणधर्म शून्यावर स्थिर असतील, तर दोष बहुधा डिस्कच्या तबकड्यांत नसून जोडणीत असतो. चुका वारंवार झाल्या तर कर्नल स्वतःच वेग उतरवतो. तसा आदेश कर्नल सुरू होताना दिलेल्या पॅरामीटरनेही देता येतो. फिरत्या डिस्कचा वेग सहसा सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या आतच असल्याने ३ गिगाबिटवर तिचे काही बिघडत नाही.

सास कार्डाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. एका टोकाला चार डिस्कांचा एकत्रित कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला चार साटा कनेक्टर असलेली केबल दोन प्रकारांत येते : कार्डाकडून डिस्ककडे जाणारी आणि मदरबोर्डच्या पोर्टकडून सर्व्हरच्या बॅकप्लेनकडे जाणारी. दोन्ही दिसायला सारख्या. अदलाबदल झाली तर एकही डिस्क दिसत नाही.

क्षमतेच्या सीमा

प्रत्येक कंट्रोलर सेक्टरचा पत्ता ठरावीक बिटांत मोजतो. जुन्या पद्धतीत २८ बिट होते. ५१२ बाइटच्या सेक्टरला त्यातून १३७ जीबीची सीमा येते. नंतरच्या ४८ बिटांनी साटा डिस्कचा प्रश्न कायमचा मिटला, तरी काही कार्डांचे फर्मवेअर आतून ३२ बिटच वापरते आणि तिथे सीमा २.२ टीबीवर येते. एलएसआयच्या एसएएस १०६८ई चिपवर आधारित जुनी कार्डे याच सीमेत अडकतात. काही ब्रिज चिप सीमा ओलांडल्यावर पुन्हा शून्यापासून मोजतात. तेव्हा ३ टीबीची डिस्क सुमारे ८०१ जीबीची दिसते, म्हणजे ३००० मधून २१९९ वजा जाता उरलेली. हा आकडा दिसला तर दोष पत्त्यांच्या मोजणीत आहे हे जवळपास निश्चित होते. अशा कार्डाला मोठी डिस्क जोडून लिहू दिल्यास जुन्या डेटावर नवा डेटा लिहिला जाण्याचा धोका असतो. उपाय म्हणजे नवे कार्ड.

याच आकड्याची दुसरी सीमा विभाजन-तक्त्याची आहे. जुना एमबीआर तक्ता ३२ बिटांचा असल्याने २.२ टीबीच्या पुढचा भाग त्यात नोंदवता येत नाही. जीपीटी तक्ता वापरल्यावर प्रश्न सुटतो. दोन्हींतील फरक ओळखणे सोपे : कर्नलच्या नोंदीत डिस्कची पूर्ण क्षमता दिसत असेल, तर कंट्रोलर निर्दोष आहे आणि अडचण तक्त्यात आहे. क्षमता थोडीच कमी असेल, तर डिस्कचा शेवटचा भाग राखीव म्हणून लपवलेला असू शकतो. अशा राखीव भागाचा उल्लेख कर्नल आपल्या नोंदीत करतो.

सेक्टरचा आकार

अनेक दशके सेक्टर ५१२ बाइटचा होता. २०११ पासून उत्पादकांनी नव्या डिस्कांत ४०९६ बाइटचे प्रत्यक्ष सेक्टर सर्रास वापरण्यास सुरुवात केली. यांपैकी बहुतेक डिस्क बाहेरून ५१२ बाइटचेच सोंग घेतात, म्हणून जुन्या कंट्रोलरवरही चालतात. काही डिस्क मात्र बाहेरूनही ४०९६ सांगतात. त्या जुन्या कार्डांना समजत नाहीत आणि त्यांवरून संगणक सुरू करायचा तर यूईएफआय फर्मवेअर लागते. तिसरा गट मोठ्या साठवण-यंत्रणांतून बाहेर पडलेल्या सास डिस्कांचा. त्यांचे सेक्टर ५२० किंवा ५२८ बाइटचे असतात. जादा बाइट त्या यंत्रणेच्या तपासबेरजेसाठी असतात. लिनक्स अशी डिस्क ओळखते, पण सेक्टरचा आकार असमर्थित असल्याचे नोंदवते आणि क्षमता शून्य दाखवते. ‘एसजी फॉरमॅट’ या साधनाने ती ५१२ बाइटवर आणता येते. या कामाला कित्येक तास लागतात, मध्ये वीज जाऊन चालत नाही आणि डिस्कवरचा सर्व डेटा नष्ट होतो.

यूएसबी पेटीतून काढलेली डिस्क

बाह्य पेटीत नीट चालणारी डिस्क काढून थेट साटा पोर्टवर लावली, की कधी कधी ती कोरी दिसते. यामागे सेक्टरचाच हिशेब असतो. २.२ टीबीची सीमा टाळण्यासाठी काही ब्रिज चिप ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचे दाखवतात. जीपीटी तक्त्याचे शीर्ष पहिल्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते (मोजणी शून्यापासून होते), म्हणजे पेटीत ते ४०९६ व्या बाइटपासून लिहिले गेले; साटा पोर्टवर कर्नल ते ५१२ व्या बाइटपासून शोधतो आणि त्याला तिथे काहीच सापडत नाही. डेटा जागच्या जागी असतो. डिस्क पुन्हा त्याच प्रकारच्या पेटीत घालून किंवा ४०९६ बाइटचा सेक्टर सांगणारे लूप उपकरण केवळ वाचनासाठी तयार करून तो मिळवता येतो. नवे विभाजन करण्याचा कार्यप्रणालीचा प्रस्ताव स्वीकारला, तर मात्र नुकसान होते.

पेटीतच अडखळणाऱ्या डिस्कच्या बाबतीत यूएएस हा वेगवान यूएसबी प्रोटोकॉल तपासण्याजोगा असतो. काही ब्रिज चिप त्याची अंमलबजावणी सदोष करतात. कर्नलला त्या विशिष्ट चिपसाठी जुना प्रोटोकॉल वापरण्यास सांगता येते. वेग थोडा घटतो, स्थैर्य येते.

रेड कार्डाची दोन रूपे

रेड कार्डामागची डिस्क कर्नलला दिसत नसेल, तर तो दोष असेलच असे नाही. डिस्क थेट पुढे करायची की नाही हे कार्डाचे फर्मवेअर ठरवते. अनेक कार्डांत डिस्क जशीच्या तशी पुढे करणारी जेबॉड रीत निवडता येते. एलएसआयच्या एसएएस २००८ चिपवर आधारित कार्डांसाठी रेड करणारे आणि केवळ पुढे सोपवणारे अशी दोन स्वतंत्र फर्मवेअर मिळतात. लिनक्सचे स्वतःचे सॉफ्टवेअर रेड किंवा झेडएफएस वापरायचे असेल, तर दुसरे सोयीचे. ९२११ मालिकेच्या कार्डांवर फर्मवेअरच्या २० व्या पिढीतील सुरुवातीच्या आवृत्त्या सदोष ठरल्या आणि २०.००.०७.०० ही आवृत्ती स्थिर मानली गेली. यावरून फर्मवेअरची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवण्याचे महत्त्व कळते. चुकीचे फर्मवेअर घातल्यास कार्ड निकामी होऊ शकते. दुसऱ्या कार्डावरून आलेल्या डिस्कवर जुन्या रेडची खूण असते. ती पुसण्याआधी आत डेटा नाही याची खात्री हवी.

ड्रायव्हर आणि कर्नल

कंट्रोलर ‘एलएसपीसीआय’च्या यादीत आहे पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही, ही स्थिती अतिनव्या आणि अतिजुन्या दोन्ही कार्डांत आढळते. नव्या कार्डाला नवा कर्नल लागतो. जुन्या कार्डाबाबत कारण वेगळे : दीर्घकालीन आधार देणाऱ्या काही वितरणप्रणाली जुन्या चिपचे क्रमांक ड्रायव्हरमधून वगळतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीत काही जुन्या सास कार्डांच्या बाबतीत असे झाले, जरी मूळ कर्नलमध्ये त्यांचा आधार टिकून होता. ईएलरेपो हा स्वयंसेवी प्रकल्प असे ड्रायव्हर वेगळे पुरवतो.  कोणत्याही प्रणालीच्या बाबतीत नावापेक्षा कर्नलची आवृत्ती निर्णायक ठरते.

कंट्रोलर बदलल्यावर संगणक सुरूच होत नसेल, तर कर्नलबरोबर सुरुवातीला स्मृतीत चढणाऱ्या प्रतिमेत (इनिट्रॅमएफएस) नव्या कार्डाचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. ती प्रतिमा नव्याने बांधल्यावर प्रश्न सुटतो. डिस्कची नावे कार्ड बदलल्यावर पुढेमागे होतात, म्हणून फाइलप्रणाली जोडण्याच्या तक्त्यात नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांक वापरणे सुरक्षित.

बायोसमधील एक पर्याय

अनेक संगणकांच्या बायोसमध्ये साटासाठी ‘एएचसीआय’ किंवा ‘रेड’ असा पर्याय असतो. इंटेलच्या काही संचांत ‘रेड’ निवडल्यावर एनव्हीएमई डिस्क कंट्रोलरच्या मागे लपवली जाते आणि लिनक्स बसवताना ती यादीत येत नाही. कर्नल अशी डिस्क आढळल्याचे सांगतो आणि एएचसीआय पर्याय निवडण्याची सूचनाही नोंदीत लिहितो. नव्या संचांत व्हीएमडी नावाची अशीच व्यवस्था असते. तिच्यासाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे, परंतु जुन्या इन्स्टॉलरमध्ये तो नसू शकतो. त्याच संगणकावर विंडोज असेल तर पर्याय बदलण्यापूर्वी विंडोजची तशी तयारी करावी लागते, अन्यथा ती सुरू होत नाही.

आज्ञांची रांग

एनसीक्यू ही सोय डिस्कला एकाच वेळी ३२ पर्यंत आज्ञा घेऊन सोयीच्या क्रमाने पार पाडू देते. रांगेचे हे नियम डिस्क आणि कंट्रोलर दोघांनी सारखेच पाळावे लागतात. म्हणून जोडीगणिक बदलणारे दोष इथे सर्वाधिक सापडतात. सॅमसंगच्या ८६० आणि ८७० मालिकांतील एसएसडी इतर कंट्रोलरवर एनसीक्यूसह चालत असताना एटीआय ओळख असलेल्या एएमडीच्या जुन्या साटा कंट्रोलरवर मात्र त्रुटी देत. २०२१ मध्ये कर्नलमध्ये या जोडीपुरती रांग बंद करण्याचा नियम घालण्यात आला. साटा ड्रायव्हरच्या गाभ्यात अशा अपवादांची मोठी यादीच आहे. यादीत नसलेल्या जोडीसाठी सुरुवातीच्या पॅरामीटरने एका पोर्टची रांग बंद करून पाहता येते. त्याने त्रुटी थांबल्या तर निदानाला बळकट आधार मिळतो. बदल्यात एकाच वेळी अनेक कामे करताना वेग घटतो.

कालमर्यादेचा विसंवाद

खराब सेक्टर वाचण्यासाठी साधी डिस्क एक-दोन मिनिटेही प्रयत्न करत राहते. लिनक्सचा स्कझी थर मात्र उत्तरासाठी ३० सेकंदच थांबतो आणि नंतर पोर्ट रिसेट करतो. एकाच सेक्टरच्या दोषामुळे सगळी डिस्क रेडबाहेर फेकली जाते, ती याच तफावतीने. रेडसाठी बनवलेल्या डिस्क सहसा ७ सेकंदांत हार मानतात आणि रेड तो भाग दुसऱ्या डिस्कवरून भरून काढते. ‘स्मार्टसीटीएल’ने ही मर्यादा पाहता येते आणि डिस्क परवानगी देत असल्यास ७ सेकंदांवर आणता येते. परवानगी नसेल तर कर्नलची मर्यादा १८० सेकंदांवर नेणे हा पर्याय उरतो.

एकावर एक चढलेले ट्रॅक

एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक छपराच्या कौलांसारखे अंशतः एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलताना शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. थोड्या लेखनाला हे जाणवत नाही. रेडची पुनर्बांधणी करताना मात्र डिस्क इतकी मंदावते की कंट्रोलर तिला निकामी समजू शकतो. नेटवर्क साठवणीसाठी विकल्या गेलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्कांत हे तंत्र असल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि त्यानंतर कंपनीने कोणत्या मॉडेलमध्ये कोणते तंत्र आहे ते जाहीर केले. इथे केबल किंवा कार्ड बदलून उपयोग नसतो. रेडसाठी पारंपरिक ट्रॅकची डिस्क निवडणे हाच उपाय.

वीजबचत

काम नसताना साटा जोडणी झोपवण्याची सोय वीज वाचवते, पण काही डिस्क त्या झोपेतून वेळेत जागी होत नाहीत. लक्षण असे : भार असताना सारे ठीक, निवांत वेळेनंतरच्या पहिल्या आज्ञेला त्रुटी. जोडणीचे वीजधोरण सर्वोच्च कार्यक्षमतेवर ठेवून निरीक्षण केल्यास संशय खरा की खोटा ते कळते.

अदलाबदलीची कसोटी

अनुमान पक्के करण्याचे साधन म्हणजे नियंत्रित अदलाबदल. सदोष डिस्क चांगल्या पोर्टवर आणि चांगली डिस्क संशयित पोर्टवर लावायची, केबल त्याच ठेवायच्या. नंतर केवळ केबल बदलायच्या. दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्क, केबलबरोबर गेला तर केबल, पोर्टपाशी राहिला तर पोर्ट किंवा कार्ड दोषी. डिस्क इतर कार्डांवर नीट चालते, कार्ड इतर डिस्कांसह नीट चालते आणि केवळ ही दोन एकत्र आली की दोष येतो, असे दिसले तरच खऱ्या अर्थाने विसंगती सिद्ध होते. प्रत्येक जोडणीवर सारखाच भार आणि सारखाच वेळ द्यावा लागतो. तासाभराने येणारा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत सापडत नाही.

घाईच्या निष्कर्षाचे उदाहरण

२०१५ मध्ये अल्गोलिया या शोधसेवा कंपनीच्या सर्व्हरवर फाइलींतील काही भाग शून्यांनी भरलेले आढळले. बिघाड विशिष्ट एसएसडींवर दिसत असल्याने संशय सॅमसंगच्या ड्राइव्हवर गेला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी तोच दोष प्रयोगशाळेत घडवून आणला आणि मूळ लिनक्स कर्नलमध्ये शोधले : रेडमध्ये रिकामी जागा कळवणारी ट्रिम आज्ञा तुकड्यांत विभागताना चूक होत होती. दुरुस्ती कर्नलमध्ये झाली. लक्षण डिस्कवर दिसत असले तरी कारण दोन थर वर होते. थरागणिक पुरावा मागण्याची गरज इतकी स्पष्ट दाखवणारी उदाहरणे थोडी.

मर्यादा

ही रीत दोषाची जागा दाखवते; तो प्रत्येक वेळी दूर करता येईलच असे नाही. खटखट आवाज करणारी किंवा सेक्टर झपाट्याने गमावणारी डिस्क प्रयोगासाठी वापरणे डेटाला घातक असते. ती बंद ठेवून तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे देणे योग्य. बंद फर्मवेअरमधील दोष उत्पादकाशिवाय कोणी दुरुस्त करू शकत नाही. वेग उतरवणे किंवा रांग बंद करणे हे टिकाऊ उपाय असू शकतात, पण त्यांमुळे मूळ दोष जात नाही. कोणतेही रेड, कितीही सुसंगत असले, तरी ते वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीची जागा घेत नाही.

नोंदीचा व्यापक उपयोग

कंट्रोलरचा क्रमांक, दोन्ही फर्मवेअरच्या आवृत्त्या, कर्नलची आवृत्ती, त्रुटीची पूर्ण नोंद आणि अदलाबदलीचा तक्ता एवढे कागदावर असले, की पुण्यातून कोणता भाग आणायचा हा निर्णय निश्चित होतो आणि पुढच्या वेळी तोच शोध पुन्हा घ्यावा लागत नाही. या नोंदीचे मोल एका वर्कशॉपपुरते मर्यादित नाही. साटा ड्रायव्हरमधील अपवादांच्या यादीतील अनेक ओळी वापरणाऱ्यांनी कर्नलच्या देखभालकर्त्यांना कळवलेल्या अशाच नोंदींवरून आल्या आहेत. एकदा ओळ कर्नलमध्ये गेली, की तीच जोडी वापरणाऱ्या जगभरातील प्रत्येक संगणकाला तिचा लाभ आपोआप मिळतो. शिरवळमधील एखाद्या सर्व्हरवर घेतलेली काटेकोर नोंदही त्या यादीत भर घालू शकते. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा क्रम आणि चिकाटी अधिक लागते.